नऊ उंबरे

शेषेराव आमच्या गल्लीतला रस्ता मोजायला लागला तेव्हा मी ओट्यावर बसून दाढी करत होतो. सकाळचे साडेसहा वाजले असतील. तो मोठ्या रस्त्याच्या तोंडापासून पावलं टाकत यायचा, प्रत्येक गतिरोधकापाशी थांबायचा, चपलेच्या टाचेनं त्याची कड ठोकून बघायचा आणि पुढं चालायचा. शेवटचा गतिरोधक त्याच्याच दारापुढं होता. तिथं पोचला की मागं फिरायचा. अशा तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला मी आरसा खाली ठेवला.

"शेषेराव, काही हरवलं का?"

"न्हाई अण्णा. मोजलालो."

"किती भरले?"

"नऊ."

"काल किती होते?"

"नऊच की." तो हसला नाही. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर तो हातातली थापी खाली ठेवून हसायचा. "एका रात्रीत कमी होत असतेत का ते. बांधलेत कुणी?"

बांधले होते त्यानंच. त्याचं त्याला जे अवघड झालं होतं ते हेच.

आमची गल्ली लातूरच्या औसा रोडच्या बाजूला. रुंदी चौदा फूट. एका तोंडाला मोठा रस्ता आणि दुसऱ्या तोंडाला एक मोकळा प्लॉट. त्या प्लॉटात बोअर आहे. लातूरकरांना पाण्याचं महत्त्व सांगायला नको. त्या बोअरवर दिवसभर टँकर भरतात. लाइट असेल तोवर भरून घ्यायचं म्हणून टँकरवाले घाईत असतात. रिकामा टँकर खडखडत आत येतो आणि भरलेला डुलत बाहेर पळतो. मी मूळचा नांदेडचा. चाळीस वर्षं नाटक कंपनीबरोबर फिरलो, जत्रांतून तंबूत राहिलो, राजे झालो, भिकारी झालो, आणि शेवटी मुलाच्या घरी इथं येऊन ओट्यावर बसलो. ओट्यावरून तिरपं समोर दिसतं ते शेषेरावचं घर. गेली सहा वर्षं मी त्याला बघतो आहे, म्हणून त्याच्याविषयी लिहायचा थोडा अधिकार मला आहे असं समजतो.

शेषेराव गवंडी. वय बावन्न. बुटका, खांदे भरलेले, उजव्या हाताची बोटं सिमेंटनं कायमची राखाडी. त्याचं गाव किल्लारीच्या शेजारचं. भूकंप झाला तेव्हा तो विशीत होता. तिकडची जुनी घरं दगड-मातीची, दोन-दोन हात जाडीच्या भिंतींची. त्याची आई आणि धाकटी बहीण त्या भिंतीखाली गेली. नंतर नवी गावं उभी राहायला लागली तेव्हा तो आधी घमेली उचलायला आणि मग थापी धरायला शिकला. पाया कसा बांधायचा, भिंतीला लोखंडी सळयांचा पट्टा कुठं-कुठं फिरवायचा, हे त्याला तिथं कळलं आणि ते त्यानं जन्मभर सोडलं नाही. कोंबड्यांचं खुराडं बांधायला सांगा, तो त्यात सळई टाकणार. आमच्या मोरीची फरशी त्यानं बसवली तेव्हा मुलगा म्हणाला, "मामा, ह्याच्यावर रणगाडा चालवायचा नाही हो." शेषेराव म्हणाला, "चालवला तरी काय होत न्हाई." मातीचं काम तो घ्यायचाच नाही. कुणी आखाड्याची, म्हणजे शेतातल्या गोठ्या-खोलीची, भिंत मातीत बांधून मागितली तर सरळ दुसऱ्या गवंड्याचं नाव सांगायचा. कारण कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, कस्तुराबाईला, टँकरनं उडवलं. ती दारापुढं सडा टाकत होती. मांडीचं हाड मोडलं, आत सळी घालावी लागली, आणि ती तेव्हापासून काठी घेऊन चालते. गल्लीनं गतिरोधकासाठी अर्ज दिला. अर्जाची पोच मिळाली. तीन महिने वाट बघून शेषेरावनं एका रविवारी, बायको पडली होती त्याच जागी, स्वतःच्या सिमेंटनं गतिरोधक बांधला. गवंड्याच्या हाताला जे वळण असतं तेच खाली उतरतं. त्यानं घराचा उंबरा बांधतात तसा तो बांधला. दोन्ही कडा सरळ, उंची नऊ इंच, आत दोन सळया. वरून घोटून गुळगुळीत. कस्तुराबाईनं त्यावर हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, आणि गल्लीत त्याचं नाव उंबरा असंच पडलं.

टँकर थांबू लागले, हे बघितल्यावर बाकीच्यांना वाटलं की एकट्या शेषेरावच्या दारापुढं का. रामकिशन किराणा दुकानदार आधी आला. म्हणाला, "एक थैली सिमेंट मी देतो, माझ्या दुकानापुढं घाल." मग त्याच्या शेजारचा आला. मग ज्यांच्या दारापुढं उंबरा नाही त्यांना कमीपणा वाटायला लागला. मीही एक थैली दिली, हे इथं कबूल करून टाकतो. शेषेरावनं कुणालाच नाही म्हटलं नाही, मजुरी कुणाकडूनच घेतली नाही, आणि एकालाही दुसऱ्यापेक्षा आखूड किंवा ठेंगणा उंबरा दिला नाही. अडीचशे पावलांच्या गल्लीत नऊ उंबरे झाले. सगळे सारखे. सगळ्यांत सळया.

आता शिल्पाचं सांगतो, कारण तो मोजत होता ते तिच्यासाठी.

शिल्पा ही शेषेरावची सून, अंगदची बायको. अंगद डाळमिलमध्ये सुपरवायझर आहे. शिल्पा नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची, पहिलटकरीण. आठवा महिना सुरू झाला आणि डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघून सांगितलं की वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी, आलेली आहे. दोन दिवस दवाखान्यात ठेवून घरी सोडलं आणि बजावलं: झोपून राहायचं, रक्त दिसलं की घरी वाट बघत बसायचं नाही, अर्ध्या तासाच्या आत इथं आणायचं, आडवं झोपवून आणायचं, धक्के बसू द्यायचे नाहीत. ती घरी आली ती रिक्षात. सहाव्या उंबऱ्याला रिक्षा आदळली तेव्हा तिनं वरचा दांडा घट्ट धरला, हे मी ओट्यावरून बघितलं. त्याच संध्याकाळी रक्ताचा एक डाग दिसला. फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थांबलं असेल तर आता तिला हलवू नका. पुन्हा दिसलं तर मात्र लगेच आणा."

दवाखान्याजवळ खोली घ्यावी असं मी सुचवलं. शेषेराव म्हणाला, "न्यायचं तर ह्याच रस्त्यानं की अण्णा."

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण शिल्पाला हलवता येत नव्हतं म्हणून तिची आई सरस्वतीबाई उमरीहून आली. लेकीला मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही, हा नेम ती पाळत होती. त्यामुळे येताना ज्वारीचं पीठ, डाळ, मीठ-मिरची असं सगळं पोत्यात बांधून आली. स्टँडवरून तिची रिक्षा नऊ उंबरे चढून-उतरून दारात थांबली. ती कमरेवर हात ठेवून उतरली.

"इवाई," ती आपल्या व्याह्याला, शेषेरावला, म्हणाली, "हे दारोदारी उंबरे कोन्या शहाण्यानं घातले?"

"मी."

"बरं हाय. मजबूत हायत. माझी कंबर मोडली, त्याइला काई झालं न्हाई."

शेषेरावनं पोतं उचलून आत नेलं. त्या रात्री तो जेवला नाही असं कस्तुराबाई सांगत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोजायला लागला.

मागच्या गल्लीत दयानंद राहतो. एका धर्मादाय दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवतो. चेष्टेखोर माणूस, पण गाडीच्या बाबतीत नाही. शेषेरावनं त्याला गाठलं आणि मला बरोबर घेतलं. मागणं असं होतं की एकदा तालीम करून बघायची. हा शब्द त्यानं माझ्याकडूनच उचलला होता. दयानंद पेशंट सोडून परत येताना दुपारी मोठ्या रस्त्याला थांबला. शेषेरावनं घरून तांब्याची कळशी नेली होती. ती त्यानं स्ट्रेचरवर मधोमध ठेवली, पट्ट्यानं आवळली आणि बाटल्यांतलं पाणी ओतून काठोकाठ भरली.

"काका, हे काय नवस हाय का?" दयानंद म्हणाला.

"तुझी सून समज हिला आन् चालव."

दयानंदनं खरोखरच तशी चालवली. मी मागं बसलो होतो. प्रत्येक उंबऱ्याला तो गाडी जवळजवळ थांबवायचा, पुढचं चाक चढवायचा, ते पलीकडं धप्पकन पडायचं, मग मागचं चाक. पाचव्या उंबऱ्याला गाडीचं पोट खरवडल्याचा आवाज आला. शेषेराव कळशीकडे बघत होता. चढताना पाणी मागच्या काठावरून जायचं, उतरताना पुढच्या. स्ट्रेचरवरची चादर ओली झाली, मग त्याची पँट. त्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा त्यानं कळशीत बोटं घालून बघितली. चार बोटं पाणी कमी झालं होतं.

"पाण्याचं सोडा," दयानंद घड्याळ बघत म्हणाला. "जवळजवळ सहा मिनिटं गेली. हीच गल्ली मी पूर्वी एका मिनिटात यायचो. जायला सहा, यायला सहा. बारा मिनिटं तुमच्या दारातच संपली, पुढचं गाव राहिलंच."

"सरकारी गतिरोधकावर पण गाडी हळू करतोस की."

"हळू करतो, पण ते लांब, पसरट असतेत काका. गाडी चढती आन् उतरती. तुमच्यावर आदळती."

शेषेरावनं कळशीतलं उरलेलं पाणी कडेच्या झाडाला घातलं. त्यानंतर दोन दिवस तो कुठंच धड बसला नाही. कामावर जायचा आणि दोन तासांत परत यायचा. दारात उभा राहून आत विचारायचा, "हाय का बरं?" आतून शिल्पा म्हणायची, "हाय मामा, बरं हाय." मग ओट्यावर येऊन माझ्याशेजारी टेकायचा, मी काही बोलायच्या आत उठायचा. फोन खिशातून काढून बघायचा की चालू आहे ना. एकदा तर मला म्हणाला, "अण्णा, मला एक फोन करा बरं." मी केला. वाजला. "वाजतो," असं म्हणून गेला. कंपनीत असताना पहिल्या प्रयोगाआधी विंगेत असं फिरणारी माणसं मी खूप बघितली आहेत. पण त्यांना निदान पडदा कधी उघडणार हे माहीत असायचं.

तिसऱ्या संध्याकाळी रामकिशनच्या दुकानापुढं गल्ली जमली. शेषेरावनं सरळ सांगितलं, उंबरे फोडायचे आहेत, मीच फोडतो, राडारोडा मीच उचलतो.

"फोडा की," रामकिशन म्हणाला. "शिल्पा काय परकी हाय का? आपलीच लेक हाय. आठ फोडा. एवढा माझा राहू द्या, शाळेची लेकरं दुकानात येतेत."

त्याच्या शेजारच्याचं म्हणणं, माझी म्हातारी दारात बसते, तेवढा ठेवा. पुढच्याच्या दारात वळण होतं. त्याच्या पुढच्याकडं दोन महिन्यांत लग्न होतं. प्रत्येकानं कारण सांगितलं आणि एकाचंही कारण खोटं नव्हतं. प्रत्येक उंबरा फोडायला आठ घरांची संमती होती आणि नवव्याची नव्हती. शेषेराव माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, "माझी नातवंडं सायकल खेळतात रे." म्हणालो खरं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आयुष्यभर उदार राजांची कामं केली, आणि प्रसंग आला तेव्हा नऊ इंच सिमेंट सुटेना.

शेषेराव कुणावर रागावला नाही. सकाळी त्यानं स्वतःच्या दारापुढच्या उंबऱ्यावर घण घातला.

कस्तुराबाई दारात खुर्ची टाकून बसायची, दोन वर्षांचा तिचा तो नेम. तो उंबरा होता म्हणूनच दारात बसायचं धाडस तिला व्हायचं. शुक्रवारी त्यावर दोन बोटं हळदकुंकू ती वाकता येत नसतानाही लावायची. त्यानं घण उचलण्याआधी तिला विचारलं.

"फोडा," ती म्हणाली. "मी कुठं न्हाई म्हणाले." आणि खुर्ची उचलून आत गेली.

दीड दिवस लागला एका उंबऱ्याला. वरचं घोटकाम टवके उडून गेलं, पण आतलं काही केल्या हलेना. छिन्नी बोथट झाली. सळया उघड्या पडल्या तेव्हा त्या करवतीनं कापाव्या लागल्या. दयानंद जाता-जाता थांबून म्हणाला, "काका, दुसरा गवंडी आसता तर एव्हाना नऊच्या नऊ फुटले आसते." शेषेराव घाम पुसत म्हणाला, "दुसऱ्याचं काम मी कशाला सांगू." संध्याकाळी त्या मोकळ्या जागेवरून पहिला भरलेला टँकर वेग न कमी करता गेला. आत कस्तुराबाईनं दार लावून घेतल्याचं मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याकडं गेलो. म्हणालो, "आता माझा फोड. नातवंडांना मी सांभाळतो." त्यानं मान हलवली आणि लागलीच घण घेऊन आला.

माझा उंबरा अर्धा फुटला असेल. पावणेअकराचा सुमार. समोरच्या दारातून सरस्वतीबाई बाहेर आली. ती पळत नव्हती, पण पदर खोचलेला होता.

"इवाई, दिसलं," ती म्हणाली. "आज जास्त हाय."

शेषेरावनं फोन लावला. दयानंद गावात होता, गंजगोलाईच्या बाजारपेठेपलीकडं. म्हणाला, वीस मिनिटांत मोठ्या रस्त्याला पोचतो, तिथून पुढचं तुम्ही बघा. फोन खिशात गेला आणि शेषेरावनं पुन्हा घण उचलला. माझ्या अर्ध्या उंबऱ्यावर तो असा घाव घालायला लागला की मला त्याच्याजवळ जायची भीती वाटली. वीस मिनिटांत सात उंबरे फुटणार नाहीत, हे त्याच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक होतं. पण त्याचे हात थांबेनात.

सरस्वतीबाई आत जाऊन लेकीला बघून आली. रस्त्यात उभी राहिली. "आता काय फोडता," ती म्हणाली. "माती टाका."

त्यानं ऐकलं नाही.

"इवाई, माती टाका म्हनते मी. आमच्याकडं बांधावरून बैलगाडी काढायची आसली तर बांध फोडून राहिलेत का कोनी? दोन्ही अंगाला माती लावतेत, गाडी चढून जाती. समद्या रस्त्याला न्हाई, चाकापुरती. दोन पट्टे."

शेषेरावचा घण खाली आला आणि तसाच राहिला. "मातीचा भरवसा न्हाई," तो म्हणाला. फार हळू म्हणाला.

"घर बांधायचंय का तुमाला? एकदा गाडी जाऊ द्या."

गल्लीच्या मधोमध एका घराचा पाया खणला होता आणि काढलेल्या काळ्या मातीचा ढीग रस्त्याच्या कडेला पडून होता. पाया शेषेरावच भरत होता. ती माती कधी उचलतात म्हणून मालकाच्या मागं लागला होता. तो त्या ढिगाकडं बघत राहिला. मग त्यानं चपला काढून माझ्या ओट्यावर भिरकावल्या आणि ढिगाकडं पळाला.

मी ओट्यावर उभा राहून गल्लीला हाक मारली. एवढं एकच माझ्याच्यानं होण्यासारखं होतं. माणसं बाहेर आली. सकाळची वेळ, पुरुष कामावर गेलेले. बाया, म्हातारे, कॉलेजला न गेलेली दोन-चार पोरं. काय करायचं ते शेषेरावनं एकदाच सांगितलं. घमेली, पाट्या, बादल्या, भाकरीची परात सुद्धा आली. रामकिशन दुकानातल्या रिकाम्या तेलाच्या डब्यात माती भरून आणायला लागला. त्याच्या उंबऱ्याला कुणी हात लावायच्या आधीच त्यानं दोन डबे ओतले होते.

"फोनवर विचारा, चाकात अंतर किती," शेषेराव मला ओरडून म्हणाला. मी दयानंदला विचारलं. त्यानं सांगितलेलं अंतर शेषेरावनं टेपनं धरलं आणि विटेच्या तुकड्यानं प्रत्येक उंबऱ्यापाशी दोन-दोन रेघा मारत गेला. तेवढ्यातच माती पडायची. माती पडली की तो त्यावर अनवाणी उभा राहून टाचांनी दाबायचा. "लांब उतरवा. आखूड नको. अजून दोन हात लांब. पाणी शिंपडा, ओतू नका, चिखल होईल." तीस वर्षांत ज्यानं मातीला हात लावला नव्हता तो घोट्यापर्यंत काळा झाला होता. सहाव्या उंबऱ्याला एक बाजू कमी पडली तेव्हा त्यानं ओंजळीनं माती ओढली.

कस्तुराबाई काठी टेकत दारात आली. खाली उतरावं की नाही अशी थोडी उभी राहिली. मग रस्त्यावर आली आणि टँकरच्या प्लॉटाकडं तोंड करून, काठी आडवी धरून, मधोमध उभी राहिली. आत एक टँकर भरून तयार होता. त्याचा ड्रायव्हर उतरून आला. "मावशी, बाजूला व्हा."

"थांब जरा," ती म्हणाली. "सून न्यायचीय." तो थांबला. पुढं तोही एक पाटी घेऊन आला.

सायरन ऐकू आला तेव्हा माझ्या अर्ध्या उंबऱ्यापुढची माती टाकायची राहिली होती. शेषेराव गल्लीच्या तोंडाशी धावत गेला आणि गाडीच्या पुढं उलटा चालत, दोन्ही हातांनी चाकं दाखवत, दयानंदला आत घेऊन आला. माती खचली. ठिकठिकाणी चार बोटं बसली. पण गाडी चढत होती आणि उतरत होती. आदळत नव्हती. तेवढ्यात माझ्या दारापुढचंही भरून झालं.

शिल्पाला स्ट्रेचरवर आणलं. चेहरा पांढरा, ओठ आवळलेले. सरस्वतीबाई तिच्या उशाशी बसली. शिल्पा म्हणाली, "मामा, तुमी पण चला." तो म्हणाला, "मी पुढं हाय." जाताना तो पुन्हा गाडीच्या पुढं पळत होता, प्रत्येक उंबऱ्याला वाकून चाकाखाली बघत, हात वर करत. माणसं दोन्ही बाजूंच्या भिंतींना पाठ लावून उभी होती. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तो ड्रायव्हरच्या शेजारी चढला आणि सायरन मोठा झाला. मी घड्याळ बघितलं. गल्ली पार करायला दोन मिनिटांच्या वर थोडंसं लागलं होतं.

मी आणि कस्तुराबाई रिक्षानं गेलो. आम्ही पोचलो तेव्हा शिल्पाला आत नेलं होतं. अंगद मिलमधून तसाच आला होता, केसांवर डाळीचा भुसा. आत काय चाललं आहे ते कुणी सांगत नव्हतं. सरस्वतीबाई भिंतीला टेकून बसली होती, बोटं मोडत होती, पुन्हा तीच बोटं मोडायला घेत होती. शेषेराव जिन्यापासून खिडकीपर्यंत चालत होता. फरशीवर त्याच्या पावलांचे काळे ठसे उमटत होते. नर्सनं त्याला दोनदा सांगितलं की हातपाय धुऊन या. तो हो म्हणायचा आणि चालत राहायचा. तिसऱ्यांदा मी त्याला नळापाशी घेऊन गेलो. माती नखांत गच्च बसली होती. त्यानं पाणी सोडलं आणि हात धुवायच्या ऐवजी बघत उभा राहिला.

"अण्णा," तो म्हणाला, "आईला काढलं तवा तिच्या तोंडात आसलीच माती होती."

मी त्याचे हात धरून पाण्याखाली नेले. दुसरं काय करणार होतो?

सव्वा बारा वाजता डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुलगी झाली होती. वजन कमी, एक किलो नऊशे ग्रॅम, काही दिवस काचेच्या पेटीत राहणार. शिल्पाला रक्त चढवणं चालू होतं, पण धोका टळला होता. "वेळेवर आणलंत," त्या म्हणाल्या. अंगद खाली बसला आणि रडायला लागला. शेषेरावनं मान हलवली, जणू कुणी त्याला कामाचं माप सांगितलं होतं आणि ते त्याला पटलं होतं.

पाऊण तासानं नातीला काचेतून दाखवलं. तो बघून आला, कस्तुराबाईपुढं उभा राहिला आणि मला म्हणाला, "अण्णा, चला."

"ओ, कुठं निघाले?" कस्तुराबाई म्हणाली. "बसा की जरा. शिल्पाला बगून जा."

"तिला बगायला संध्याकाळी देणार हायत. चारला लाइट येती. भरलेले टँकर निघतेत. माती पसरून जाईल."

"जाऊ द्या की. काम झालं न्हाई का?"

"झालं कुठं. ह्या दोघीला घरी आणायचंय."

खाली आलो, रिक्षा केली. ऊन भगभगत होतं. रिक्षात तो पुढच्या दांड्याला धरून अर्धवट उभाच होता. मी त्याला सांगत होतो की टँकरवाल्यांना आज थांबवता येईल, सगळी गल्ली बोलेल. त्याचं लक्ष नव्हतं. एका शाळेपुढं रस्त्यावर पांढरे पट्टे मारलेला गतिरोधक आला. रिक्षा हळू झाली, चढली आणि उतरली.

"थांब रे," तो रिक्षावाल्याला म्हणाला.

रिक्षा पुरती थांबायच्या आत तो उतरला आणि मागं गेला. खिशातून टेप काढून एक टोक त्यानं गतिरोधकाच्या अलीकडच्या कडेला धरलं आणि उकिडवा सरकत पलीकडच्या कडेपर्यंत गेला. मागं मोटरसायकली खोळंबल्या. एका टेम्पोनं हॉर्न वाजवायला सुरुवात केली, मग दुसऱ्यानं. मी खाली उतरून दोन्ही हात पसरून त्याच्या मागं उभा राहिलो. शेषेरावनं गतिरोधकाच्या माथ्यावर टेपचीच पट्टी आडवी ताणून धरली, एक डोळा मिटून तिच्याखालची उंची बघितली, मग खात्री करायला पुन्हा एकदा बघितली.

"अण्णा, लिवून घ्या," तो खालूनच म्हणाला. "बारा फूट लांब. उंची मधोमध चारच इंच."